थाळ्याभोवतीच्या सह्या

सौदीतल्या खमीस मुशैतच्या कामगार कॅम्पात वीस कोकणी माणसं, आणि वीसच्या वीस अमेरिकेतल्या गाढव निशाणीवाल्या पक्षाची. तिथे मत एकालाही नव्हतं. तरी भांडण पेटलं, कारण त्या पक्षाच्याच दोघा उमेदवारांत आपसांत जुंपली होती. एक 'दमानं घ्या' म्हणणारा, दुसरा 'सगळं उलटंपालटं करू' म्हणणारा. कॅम्पात एखादा समोरच्या पक्षाचा, हत्ती निशाणीवाला असता तर कादिरला बरं वाटलं असतं. सगळे मिळून त्याच्यावर तरी तुटून पडले असते.

कादिर मेसचा स्वयंपाकी. अकरा वर्षं तो गावच्या रीतीनं चौघांना एका मोठ्या थाळ्यात वाढायचा. आता थाळे पडून होते. दमवाले खिडकीकडे, उलटवाले दाराकडे, ज्याचं त्याचं ताट वेगळं.

त्यातच नव्या सौदी मॅनेजरचा निरोप आला. परदेशी माणसं कमी करायचीत. गुरुवारपर्यंत 'मेस हवी' म्हणून एका कागदावर वीस सह्या आल्या तर मेस राहील. नाहीतर खलास, कादिर घरी.

"सही करतो की, कादिरभाई," तुकाराम सुतार म्हणाला, "पण मोहियुद्दीनच्या खाली नाही."

"मग मी काय या दमेकऱ्याच्या खाली करू?" मोहियुद्दीन वेल्डर उसळला.

कादिरनं टीव्हीकडे बोट केलं. हरलेला उलटंपालटंवाला उमेदवार जिंकलेल्या दमवाल्याचा हात धरून मंचावर हसत होता. "बघा. वर्षभर एकमेकांची अब्रू काढली, आणि आता?"

"विकला गेला मेला!" मोहियुद्दीन ओरडला.

"इतक्या स्वस्तात आत घ्यायचा?" तुकारामही भडकला. "चार दिवस दारात उभा करायला हवा होता!"

कित्येक महिन्यांनी दोघं एकाच गोष्टीवर चिडले होते. कादिरनं तेवढ्यात साइटवरच्या जुन्या नकाशाचा कागद उलटा पसरला, त्यावर थाळा पालथा घातला आणि कडेनं पेन्सिल फिरवली.

"जेवायला बसता तसे बसा. आपापल्या पुढ्यात सही करा. थाळ्याला वर-खाली असतं काय रे?"

गुरुवारी मॅनेजरनं वीस सह्यांचा तो कागद हातात गरगर फिरवला. "यातला पहिला कोण?"

"ज्याला आधी भूक लागेल तो, साहेब."

मॅनेजर हसला, मधोमध शिक्का मारला आणि कागद मेसच्या भिंतीवर लावायला सांगितला. मधोमध खिळा ठोकून लावला, तर तुकारामचं नाव सगळ्यांत वर! मोहियुद्दीन आपलं ताट उचलून परत दाराकडे निघाला.

"थांब रे बाबा," कादिर म्हणाला.

तेव्हापासून दर जुम्म्याला नमाज पढून आला की कादिर खिळ्याभोवती तो कागद चार बोटं फिरवतो, आणि मगच थाळे मांडतो.