तिसऱ्या टाकीतली पिल्लं

सकाळी तिसऱ्या टाकीत माशांची मेलेली पिल्लं तरंगताना दिसली आणि मालकीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर सून उभी होती. मग काय विचारता!

"खाद्य कोणी टाकलं यात?"

"मी," सून म्हणाली. "कालपासून खात नव्हती. तुम्हीच म्हणालात ना, एक टाकी जरी उपाशी राहिली तर याद राख."

म्हणाल्या होत्या खऱ्या. नवी सून मत्स्यपालन केंद्रावर आली त्याच दिवशी, तिनं चपला काढायच्या आधी. पण ते गोड्या पाण्याच्या टाक्यांबद्दल होतं. तिसऱ्या टाकीतली पिल्लं पुढे खाडीतल्या पिंजऱ्यात जायची, म्हणून तिथे रोज थोडं थोडं खारं पाणी वाढवत होते. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. खाऱ्यात त्याला प्यावं लागतं आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकावं लागतं. सगळी ताकद त्यात जाते, भूक मरते, हवा मात्र जास्त लागते. अशा वेळी टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि होती ती हवाही संपवतं.

मालकीणबाईंना हे तोंडपाठ होतं. सुनेला त्यांनी सांगितलं नव्हतं. विसरले, असं त्या आता मनाशी म्हणत होत्या; पण हिची अक्कल एकदा मुलाला दिसू दे, हेही त्याच मनात होतं.

"बघ तुझ्या बायकोचे प्रताप!" त्या मुलावर कडाडल्या. "एक तर ही इथे राहील, नाही तर मी."

मुलानं हातातली जाळी खाली ठेवली. "आई, एकदम खाऱ्यात टाकलं तर मासा मरतो, म्हणून तू त्याला किती दिवस देतेस. हिला एक तरी दिलास?"

"ही काय मासा आहे?"

"नाही ना. असती तर जपली असतीस."

दुपारी दोघांनी बॅगा उचलल्या. मालकीणबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. नाक मुठीत धरून परत येतील, याची त्यांना खात्री होती. फाटकाशी सून थांबली. आली ताळ्यावर, त्यांना वाटलं.

"तिसऱ्या टाकीतली उरलेली पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत," सून म्हणाली. "हवा वाढवा."

आणि ती गेली.

हिनं सांगायचं आणि मी उठायचं? मालकीणबाईंनी मुद्दाम चहा टाकला. सावकाश प्यायल्या. कप विसळून पालथा घातला. मग, स्वतःच्या मनानं निघाल्यासारख्या, टाकीकडे गेल्या.

पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. एकही पिल्लू हलत नव्हतं.

"कोणी केलं हे?" त्या सवयीनं ओरडल्या.

केंद्रावर त्या एकट्याच होत्या.