पुष्कर भापकरची सप्ली

नापास व्हावं म्हणून माणसानं देव पाण्यात घालून बसावं, असं सहसा कुठे घडत नाही. चार नंबरमध्ये घडतं.

चार नंबर हा फुटबॉलचा क्लब. कागदोपत्री त्याचं नाव ग्वाल्हेर फोर एफ.सी. असं चकचकीत आहे, जर्सीवर कुठल्याशा सिमेंटची जाहिरात आहे, आणि खेळाडू मणिपूर-केरळपासून येऊन स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या हॉटेलांत उतरतात. पण गावाच्या लेखी तो अजूनही विद्यापीठाच्या चार नंबर होस्टेलचाच. मेसचं जेवण पचावं म्हणून पोरं संध्याकाळी चेंडू लाथाडायची, त्यातून हा क्लब उभा राहिला. त्या पोरांनी त्याला नाव दिलं, रंग दिला आणि जाता जाता एक खुळी चाल लावून दिली. पुढे क्लब व्यावसायिक झाला, कंपनीनं विकत घेतला, तेव्हा नाव गेलं, रंगही गेला. चाल तेवढी राहिली, कारण तिचे व्हिडिओ चालतात.

चाल अशी, की हंगामाच्या शेवटी जो क्लब सोडून चालला असेल त्यानं आपल्याच गोलकीपरसमोर एक पेनल्टी मारायची. गोल झाला तर तो पास. हार घ्यायचा आणि जायचं. गोलकीपरनं अडवला तर त्याला सप्ली लागली, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणं आलं, आणि त्यासाठी आणखी एक वर्ष क्लबात राहणं आलं. आणि चेंडू गोलाबाहेर मारला तर तो गैरहजर. त्याला हारही नाही आणि वर्षही नाही, खाली मान घालून घर गाठायचं. गोलकीपर हा परीक्षक. परीक्षकाशी गुलूगुलू करणं बरं नव्हे, म्हणून त्या दिवशी सकाळपासून दोघांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. जुन्या काळी पोरं हे इतकं मनावर घ्यायची, की इतिहासात एम.ए. झाल्यावर निव्वळ सप्लीपायी भूगोलाला नाव घातलेले महाभागही होऊन गेले.

आता करार असतात, वकील असतात. तिथे असल्या पोरखेळाला कोण विचारतो, असं तुम्हाला वाटेल. पण कंपनीच्या राज्यातही दोन जणांना सप्ली लागली होती, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी असा गदारोळ केला, की मालक दिग्विजयसिंहांनी हसत हसत मैदानातच वर्षभराची मुदत वाढवून दिली. चारचौघांत नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. शिवाय दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो त्यांचाच.

पुष्कर भापकरची सगळी भिस्त होती ती या दोन सप्ल्यांवर.

पुष्कर पस्तिशीला टेकलेला. विद्यापीठातून थेट संघात आलेल्यांपैकी तो शेवटचा; त्याच्यानंतर सगळे लिलावातले. क्लब व्यावसायिक झाला त्या वर्षी तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. संघाची निवड आणि शेवटचे पेपर एकाच आठवड्यात आले. पुष्कर निवडीला गेला आणि पेपर राहिले ते राहिलेच. त्याचे वडील जगदेवराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. पणजोबा घोडदळात होते याचा त्यांना अभिमान होता, पण म्यान झालेल्या तलवारीवर घर चालत नाही हेही ते जाणून होते. घरात पहिली पदवी पुष्कर आणणार, असं त्यांनी नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही की अबोला धरला नाही. फक्त दर वर्षी निकालाच्या दिवसांत ते एकदा विचारायचे, "या वर्षी तरी बसणार आहेस का?" पुष्कर म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की.

गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि सगळा हंगाम पाय लांब करून राखीव खेळाडूंच्या बाकावर निघाला. आता गुडघा जुळत आला होता आणि डॉक्टर दिवाळीनंतर पळ म्हणाले होते. पण प्रशिक्षकानं दिवाळीची वाट पाहिली नाही. मार्चमध्ये मोबाइलवर निरोप आला, की आजवरच्या योगदानाबद्दल क्लब आपला ऋणी आहे. पुष्करनं तो बायकोला, अपर्णाला, दाखवला. तिनं वाचून फोन उलटा ठेवला.

"एकच वर्ष हवंय मला," तो म्हणाला. "खेळून जायचंय गं, बसून नाही."

यात पैशाअडक्याचा प्रश्न नव्हता. एका शाळेनं खेळाचा शिक्षक म्हणून त्याला कधीचं बोलावून ठेवलं होतं. पण ज्या गवतावर अर्धं आयुष्य गेलं तिथून लंगडत, दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडलो हीच आपली शेवटची आठवण उरणार, हे त्याला सोसत नव्हतं. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. अपर्णा शहाणी बाई. ती म्हणाली, मग ध्रुवला जाऊन सरळ सांगा, की अडव म्हणून. बोलायचं नाही ते त्या दिवशी, आदल्या दिवशी कोण अडवतंय?

ध्रुव संघाचा गोलकीपर. दाना ओली नावाच्या गल्लीतला पोरगा, वडील नसलेला. गल्लीत चपला मांडून गोल करायचा, तिथून पुष्करनंच त्याला मैदानावर आणलं होतं. सराव संपला, बाकीचे गेले, की दोघं उजेड असेपर्यंत पेनल्ट्या मारत बसायचे. पुष्करचा फटका ठरलेला होता. गोलकीपरच्या डाव्या हाताला, जमिनीलगत. ध्रुवला तो इतका पाठ होता, की मनात आणलं असतं तर डोळे मिटून अडवला असता.

आदल्या संध्याकाळी पुष्कर स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून दाना ओलीत गेला. ध्रुवची आई विनिता हिनं चहा दिला, बळेच श्रीखंड वाढलं, आणि तुम्ही होतात म्हणून माझं पोर मार्गाला लागलं हे नेहमीचं वाक्य पदरानं डोळे पुसत म्हटलं. ध्रुव खाली मान घालून बसला होता. त्याचे डोळे लाल होते. पुष्करच्या दोनतीनदा ओठांवर आलं, पण ज्याला आपण हात कसे पसरायचे ते शिकवलं त्याच्यापुढे आपले हात कसे पसरायचे? ध्रुव त्याला पोचवायला स्कूटरपर्यंत आला. पुष्करनं नवे हातमोजे कसे आहेत ते विचारलं. ध्रुव ठीक आहेत म्हणाला. एवढं बोलून गुरुजी स्कूटरवर बसले.

वाटेत त्यानं मनाची समजूत घातली. सांगायची गरजच काय, असं त्याला वाटलं. हा पोरगा सरावातसुद्धा कुणाला फुकट गोल देत नाही, पाहुण्या मंत्र्याचा चेंडूसुद्धा यानं अडवला होता. घरी पोचल्यावर अपर्णानं विचारलं, सांगितलंत? तो हो म्हणाला. अपर्णाला ते खोटं कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं, की संध्याकाळ झाली तरी मैदानातून वाफा निघत होत्या. शेवटचा सामना रडतखडत बरोबरीत सुटला आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. लोक थांबले होते ते सप्लीसाठी. किल्ल्याकडच्या गोलासमोर चुन्यानं ठिपका पुन्हा गिरवला गेला. रघुनाथराव शिट्टी गळ्यात घालून आले. क्लब काढणाऱ्या पोरांपैकी गावात उरलेले हे एकटेच. ऐंशीकडे झुकलेले, डोक्यावर कंपनीची टोपी, पण निकाल सांगायचा मान त्यांचाच. दिग्विजयसिंह झेंडूचा हार घेऊन कॅमेऱ्याजवळ उभे होते. ते हसत होते, पण ध्रुव कसा गोलकीपर आहे हे ठाऊक असल्यानं त्यांचं लक्ष हातातल्या हारापेक्षा ध्रुवच्या हातांकडे होतं.

पुष्करनं चेंडू ठेवला. मान वर केली तर समोर ध्रुव. सकाळपासून दोघं एकमेकांना चुकवत होते. ध्रुव त्याच्याकडे पाहीना, नजर चेंडूवर खिळलेली. पुष्करला बरं वाटलं. मनात म्हणाला, तयारीत आहे पठ्ठ्या.

पुष्करनं सगळं ठरवून ठेवलं होतं. बाहेर मारायचा नाही, गैरहजर लागलं तर सगळंच गेलं. जोरात मारायचा नाही, नेम कोपऱ्यात बसला तर पंचाईत. नेहमीच्याच ठिकाणी, डाव्या हाताला, जमिनीलगत, आणि असा हळू, की शाळेतल्या पोरानंही उचलून घ्यावा. लोक म्हणतील गुडघ्यात जोर राहिला नाही. म्हणेनात का. पुढच्या वर्षी दाखवू.

शिट्टी झाली. तो धावला, पाय चेंडूला लागला, आणि त्याच क्षणी ध्रुवनं झेप घेतली. अंगातलं होतं नव्हतं तेवढं सगळं लावून, दोन्ही हात लांबवून, धुरळा उडवत त्यानं झेप घेतली ती उजवीकडे.

चेंडू डावीकडे निघाला होता. इतका सावकाश, की प्रेक्षकांतला आवाजही मध्येच थांबला. वाळक्या गवतावर तो अडखळला, आणखी मंदावला. अजून वेळ होता. ध्रुवला उठून, दोन ढांगा टाकून त्याच्यावर पडता आलं असतं. पुष्करच्या तोंडून शब्द फुटणार होता, "ऊठ," पण परीक्षकाशी बोलायचं नसतं. आणि ध्रुव उठला नाही. तोंड जमिनीत खुपसून तो तसाच पडून राहिला. चेंडूनं रेषा ओलांडली आणि जाळीला न शिवताच तो थांबला.

मग प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतलं. रघुनाथरावांनी हात वर करून, कापऱ्या आवाजात निकाल दिला, "पास." दिग्विजयसिंहांना सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद झाला होता. त्यांनी हार घातला, पुष्करला मिठी मारली, आणि असा खिलाडू माणूस पुन्हा होणे नाही असं कॅमेऱ्यात पाहून सांगितलं. पुष्कर हसला. हसायचं असतं म्हणून हसला. आतून त्याला असं वाटत होतं, की तो हार तोडून त्या चेंडूवर फेकावा.

गर्दी ओसरायला लागली तेव्हा ध्रुव जवळ आला. आता बोलायला हरकत नव्हती. त्याच्या तोंडाला, पापण्यांना धूळ चिकटली होती आणि तिच्यातून पाण्याचे ओघळ आले होते. त्यानं वाकून पुष्करच्या पायांना हात लावला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "दादा, मेरे से नहीं होता. सगळ्यांचे अडवीन, तुमचा नाही. तुम्ही नापास होऊन, सब के सामने… मी बघू शकत नव्हतो. रात्रभर हेच सोचत होतो." मग इकडेतिकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "लोकांना कळलं तर नाही ना?"

पुष्करचा हात उठला होता. खरंच सांगायचं तर त्या पोराच्या एक थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं, आणि दुसरी स्वतःच्या. काल दाना ओलीत जीभ उचलली असती तर पाच शब्दांचं काम होतं. पण समोरचं ते धुळीनं माखलेलं तोंड इतकं आशेनं वर पाहत होतं, की तो उठलेला हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला.

"नाही कळलं," तो म्हणाला. "छान उडी मारलीस."

दर्पण कॉलनीतल्या घरी तो पोचला तेव्हा अपर्णा दारातच होती. तिनं मोबाइलवर सगळं पाहिलं होतं. तिनं त्याच्या हातातून हार घेतला आणि कुठे ठेवावा ते न कळून तशीच उभी राहिली. ओसरीत जगदेवराव आरामखुर्चीत बसले होते. अलीकडे त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे मोबाइलचा प्रश्न नव्हता. पण आज काय आहे ते त्यांच्या कानावर होतं.

"काय रे," त्यांनी विचारलं. "आज तुझी ती परीक्षा होती ना?"

"हो आबा."

"मग?"

पुष्करनं अपर्णाकडे पाहिलं. ती हाराकडे पाहत होती.

"पास झालो, आबा."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला, चाचपून मुलाचं मनगट धरलं आणि म्हणाला, "बरं झालं. उशिरा का होईना." आणि आतल्या बाजूला तोंड करून सुनेला हाक दिली, "सूनबाई, साखर आणा."

अपर्णा वाटी घेऊन आली. जगदेवरावांनी चिमूट उचलली, थोडी वाटेतच सांडली, आणि उरलेली मुलाच्या तळहातावर ठेवली. पुष्करनं ती तोंडात टाकली.