साक्षीचं बोट

साक्षी शाळेत जाते आणि नळ यायला अवकाश असतो, तेवढा मधला वेळ माझा. त्यात हे लिहून ठेवते आहे. नाहीतर सोयाबीनच्या घाईत राहूनच जाईल.

आमच्या केनवडच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. वाचतात माझे सासरे, गोविंदा मामाजी. आधी वंदना होते. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. साक्षी माझ्या मांडीवर बसायची तेव्हापासून तशीच शिकली. बोलायला लागली न लागली तोच अख्खी वंदना तोंडपाठ.

म्हणून शाळेचा अभ्यासही मी तसाच घेतला. मी भाकरी थापत धडा म्हणायची, ती मागून म्हणायची. चार संध्याकाळी झाल्या की पुस्तक पुढ्यात घेऊन, ओळीवरून बोट फिरवत, सगळा धडा घडाघडा. दुसरीतली पोर! मी तव्याशी बसून ऐकायची आणि माझंच पोट भरायचं. मामाजींनी तर विहारात जाहीर करून टाकलं, "यंदा आश्विन पौर्णिमेले, समारोपाच्या दिवशी, एक पान माही नात वाचणार हाये!"

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, तिच्या वर्गाच्या निता मॅडमनी मला शाळेत बोलावलं.

"ताई, साक्षीला वाचता येत नाही."

मी हसलेच. "मॅडम, रोज वाचते ना. मी स्वतः ऐकते."

मॅडमनी साक्षीला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं आणि चित्रावर हात ठेवला. "वाच बेटा." साक्षीनं बोट ठेवलं आणि खारीची गोष्ट सुरू केली. कुठं अडखळणं नाही, स्वल्पविरामालासुद्धा थांबली. संपल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं, शाबासकीसाठी.

मॅडमनी हात काढला. पान आठवडी बाजाराचं होतं. चित्रात टोपलीभर वांगी होती.

"पोरगी हुशार आहे," साक्षी बाहेर पळाल्यावर मॅडम म्हणाल्या. "कान इतका तेज की डोळ्यांना कामच पडलं नाही. रागवू नका तिला. तिला वाटतं यालाच वाचणं म्हणतात."

मी कशाला रागवू? तिला तसं मीच तर शिकवलं होतं.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मंग काय झालं? एक पान पाठ करून घे तिच्याकून. कोणाले समजते?"

"मामाजी, पण ते..."

"विहारात सांगून बसलो ना मी! आता काय तोंड दाखवू? पुढं येईल तिले वाचता. कायची घाई हाये?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. त्याच संध्याकाळी ग्रंथातलं एक पान काढलं. मी म्हणत गेले, ती मागून म्हणत गेली. भाकरी व्हायच्या आत अर्धं पान झालंही. मग सहज विचारलं, "साक्षी, यात 'पाणी' कुठं आहे?"

तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. पण ती पानाकडं पाहतच नव्हती, माझ्या तोंडाकडं पाहत होती. बोट बरोबर पडलं का, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.

मी ग्रंथ मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "पाठ आहे ना, मग त्याचाच उपयोग करू. वंदनेचं पुस्तक द्या तिच्या हातात. आवाज आणि बोट बरोबर चालले पाहिजेत. आणि ताई, तुम्ही पुढं बोलू नका. शाळेत मी बघते."

पहिल्या संध्याकाळी फजिती झाली. वंदना म्हणून झाली आणि बोट पानाच्या मध्येच. साक्षी चिडली.

"आई, बोलणं सरलं अन् अक्षरं उरलेच!"

"मग परत म्हण. हळू."

कधी बोट पुढं पळायचं, कधी आवाज. मी मुद्दाम तिच्याकडं पाठ करून भाकरी थापायला लागले, म्हणजे तिला माझं तोंडच दिसू नये. ती अडली की माझे हात पिठात थांबायचे. शब्द अगदी ओठावर यायचा.

मामाजींना ते बघवेना. "सांगून टाक ना व लेकराले! काहून तरसवतं?"

"आबा, तुमी चूप राहा ना," साक्षीच म्हणाली. "मी हुडकून राह्यली."

मामाजी उठून ओट्यावर गेले. पण त्यानंतर पान पाठ करून घ्यायचं काही त्यांनी काढलं नाही. पौर्णिमा जवळ येईपर्यंत साक्षी थोडे नवे शब्दही अक्षराला अक्षर लावून वाचायला लागली होती.

पौर्णिमेला विहार भरलं होतं. पांढरी लुगडी, मेणबत्त्या, बाहेर खिरीचं पातेलं. मी सकाळीच मामाजींना म्हटलं होतं, "तिला जेवढं येईल तेवढंच वाचू द्या." ते चप्पल घालून विहाराकडं निघाले होते. आता त्यांनी ग्रंथ उघडला, साक्षीला शेजारी बसवलं आणि एक पान समोर केलं. घरी आम्ही घेतलेलं ते पान नव्हतंच.

मी बसल्या जागीच पुढं सरकले.

साक्षीनं बोट ठेवलं. एक शब्द. थांबली. दुसरा. मागून कोणीतरी खोकलं. तिसऱ्या शब्दावर ती अडली, तशा आमच्या शेजारच्या भागिरथाबाई सवयीनं पुढं झाल्या आणि शब्दाचं पहिलं अक्षर सांगून बसल्या.

"आजी, सांगू नोका ना!" साक्षी मान वर न करता म्हणाली. "मले दिसून राह्यलं."

सगळ्या बाया हसल्या. भागिरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बरं माय, वाच!"

साक्षीनं वाचलं. जोडाक्षराशी ओठ हलवत थांबली, एकदा चुकली, मागं फिरली, पुन्हा पुढं गेली. मामाजींचा चेहरा घामेजला होता, पण त्यांनी शब्द सांगितला नाही. तीन ओळी झाल्या असतील. चौथीच्या अर्ध्यातच तिनं मोठा श्वास सोडला.

"बस आता, आबा. तुमी वाचा."

मामाजींनी चष्मा पुसून लावला. "कुठून वाचू, बेटा?"

तिनं बोट उचललं नव्हतं. "इथून," ती म्हणाली. या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मामाजी वाकले, तिच्या बोटाखालचा शब्द पाहिला आणि तिथूनच पुढं वाचायला लागले.