एडक्याची घंटी

मी बोलतेय. आवाज येत नसेल तर तो दोष माझा नाही, माझ्या तोंडात लाख भरलेली आहे. मी एक घंटी आहे, काशाची, मुठीत मावेल एवढी. तीस वर्षं मी सणसरच्या शिवारात एडक्याच्या गळ्यात वाजले. आता मला दागिना म्हणतात. म्हणोत बापडे, मला मात्र ते नाव ऐकलं की डोकं फिरतं.

बार्शीकडच्या एका ओताऱ्यानं मला ओतलं. माणूस मोठा तिरसट. माझ्याआधीच्या तीन घंट्या त्यानं वाजवून पाहिल्या आणि नाद पसंत पडला नाही म्हणून परत भट्टीत टाकल्या. चौथी मी. मला वाजवून त्यानं कान लावला आणि जपून बाजूला ठेवलं. त्याच्याइतक्या अदबीनं मला पुढं कुणी वागवलं नाही.

म्हस्कू धनगरानं मला बाजारात घेतलं तेही डोळे मिटून. अर्धा दिवस तो एकेक घंटी वाजवत बसला होता आणि दुकानदार वैतागला होता. त्यानं मला चामड्याच्या पट्ट्यात अडकवून कळपाच्या पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात बांधलं. माझ्यामागं दोनशे मेंढरं चालायची. म्हस्कू बाभळीखाली आडवा पडलेला असला तरी कळप चरतोय, पळतोय की बुजलाय हे त्याला माझ्यावरून समजायचं. मी थांबले की तो उठून बसायचा. एडका म्हातारा झाला की मी दुसऱ्याच्या गळ्यात जायची. असे चार एडके मी पाहिले. या सगळ्या काळात म्हस्कूनं मला हातात धरून नीट पाहिलं असेल तर शपथ. त्याला माझा आवाज पाठ होता, माझं रूप नाही.

मग कालव्याच्या पाण्यानं रान सगळं उसाखाली गेलं. ज्या बांधांवर आम्ही चरत होतो तिथं आम्हाला दगड बसू लागले. शेवटी म्हस्कूचा मुलगा दादासाहेब म्हणाला, "आबा, इकून टाका मेंढरं. कुठवर लोकांच्या शिव्या खायच्या?" आणि शहाण्णव साली म्हस्कूनं एका दिवसात सगळा कळप विकला, एडक्यासकट. मला तेवढं गळ्यातून सोडवून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं. माणसांची ही खोड मला कधी समजली नाही. जिवंत जनावर देऊन टाकतात आणि घंटी आठवण म्हणून ठेवतात. त्याबद्दल मी म्हस्कूला माफ केलेलं नाही.

तीन वर्षं मी तिथं धूळ खाल्ली. मग स्वप्नाली आली. ही दादासाहेबाची मुलगी, बारामतीच्या कॉलेजात शिकलेली, हाताची कसबी आणि जिभेची तिखट. हिला नाद जुन्या वस्तूंचा. इंदापूरच्या मोडवाल्याच्या भंगारातून ही पिशव्या भरभरून आणायची. रेडिओची बटणं, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, भोकाचे पैसे. त्यांच्या माळा करायची, कानातली करायची. गावात एकही खपेना. "भंगार गळ्यात घालून मिरवायचं व्हय गं?" म्हणून बायका हसायच्या. म्हस्कू तर नातीला घरातच मोडवाली म्हणायचा, आणि ती ताट आपटून उठायची.

पण तिच्या एका मैत्रिणीनं पुण्यात दुकान काढलं होतं, तेही संगणकावरचं. त्याला ना फळी ना गल्ला, नुसते फोटो, आणि ते म्हणे जगात कुठंही दिसायचे. स्वप्नालीला तेवढंच हवं होतं.

एके दिवशी तिनं मला खिळ्यावरून काढलं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. म्हस्कूचे डोळे मोतीबिंदूनं अधू झालेले, त्याला खिळा रिकामा दिसला नाही. तिनं पट्टा कापला. चिंचेनं घासून माझ्या अंगावरचा तीस वर्षांचा काळा थर उतरवला. मग पक्कड घालून माझ्या पोटातला लोलक उपटला. "वाजायला लागली तर कोण घालणार?" असं स्वतःशीच म्हणाली. पोकळ राहिलं तिथं लाख वितळवून ओतली आणि तोंडाला लाल काच बसवली. मोडवाल्याकडच्या आणखी चार घंट्यांची तिनं हीच गत केली. आम्ही पाचजणी पाच माळांत लोंबू लागलो. फोटो मात्र तिनं माझाच पाठवला.

ती दर आठवड्याला एसटीनं बारामतीच्या सायबर कॅफेत जायची. एकदा मी तिच्या पिशवीत होते. पडद्यावर पत्र आलेलं. कुठल्या तरी परदेशातल्या बाईला फोटोतली माळ हवी होती, अगदी तीच. स्वप्नालीची ही पहिली मागणी. पोरगी खुर्चीतल्या खुर्चीत उडाली आणि शेजारचा माणूस दचकला. येताना एसटीत तिनं मला छातीशी धरलं होतं. मला तिचा आनंद सहन होत नव्हता.

आणि नेमका पार्सल टाकायच्या आदल्या दिवशी जोतीराम आला. जोतीराम हा म्हस्कूचा जुना सोबती, अजून मेंढरं राखणारा. त्याचा कळप ऊस तुटलेल्या एका रानात थांबला होता. म्हस्कूनं त्याच्या नव्या एडक्यासाठी मला द्यायचं कबूल केलं होतं. हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू! पुन्हा एडक्याचा गळा, पुन्हा मोकळं रान. म्हस्कू चाचपडत खिळ्याकडं गेला आणि तसाच परत आला.

"स्वप्ने, घंटी कुठाय?"

"कुठली घंटी, आबा?"

"एडक्याची. खिळ्याला व्हती. जोतीराम खोळंबलाय. सांजच्याला मेंढरं म्होरं निघत्यात."

स्वप्नाली उसळली. "तीन वर्षं तिथं पडली होती. तुमी एकदा तरी हात लावला का तिला? मी तिचा दागिना केला."

"मेंढराची घंटी बाईच्या गळ्यात? कोन घालनार हाय?"

"घालणारी हाय. तुमाला न्हाय कळायचं त्ये."

"मला येवढं कळतं की ती माजी हाय. आन हिकडं."

तिनं रागारागानं पाचही माळा ताटात टाकल्या आणि ताट त्याच्यापुढं आदळलं. "घ्या. वळका तुमची."

म्हस्कूनं एक घंटी हलवली. मग दुसरी. "ह्या बोलत का न्हाईत?"

"लोलक काढलेत. आत लाख हाय."

म्हाताऱ्यानं घंटीचं काच बसवलेलं तोंड बोटानं चाचपलं. मग म्हणाला, "लाख व्हय. इस्तवावर धरली का वितळंल. लोलक जोतीराम बशिवल." आणि तो अंगठ्याच्या नखानं एकेकीवर टिचकी मारू लागला. खट. खट. सगळ्यांचा आवाज सारखाच. मग त्यानं मला उचललं. मी सगळं बळ एकवटलं. बाहेर पडलं ते खटच. त्याचा अंगठा माझ्या घासलेल्या अंगावरून फिरला आणि त्याला तिथं ओळखीचं काही लागलं नाही.

"ही न्हाय," तो म्हणाला आणि मला खाली ठेवलं.

शेवटची घंटी त्यानं हातात तोलली. त्याचा चेहरा उजळला. "हीच! वजनावर वळकली."

स्वप्नालीचं तोंड उघडलं. तिचा हात माझ्यापर्यंत आला. तिला ठाऊक होतं, घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. मग तिनं हात मागं घेतला.

"न्या, आबा."

म्हस्कूचा राग एवढ्यानं निवळला. "बाकीच्या ऱ्हाऊ दे तुला," जाता जाता तो म्हणाला, "चांगल्या घासल्यात."

सांजेला ती मला कापसात गुंडाळत होती तेव्हा म्हस्कू परत आला आणि उंबऱ्यावरच बसला.

"दिली का घंटी?" तिनं विचारलं.

"दिली. लाख काढली, जोतीरामनं लोलक बशिवला, एडक्याला बांदली. जोतीराम म्हनला, ब्येस वाजतीया." त्यानं कान चोळला. "पन मला ती माजी वाटंना गं. लई आयकलं कान लावून. निराळीच कुनीतरी वाजल्यावानी वाटलं. डोळं तर गेलंच, आता कानबी गेलं बघ."

मी स्वप्नालीच्या हातात होते. तिची बोटं माझ्यावर घट्ट आवळली गेली.

"वय झालं आता, आबा," ती म्हणाली.

म्हातारा मान हलवत राहिला. त्याला ते पटलं होतं.

आता मी खोक्यात आहे आणि खोकं इंदापूरच्या टपालात पडलं आहे. माझी नवी मालकीण कोण, कुठली, मला माहीत नाही आणि तिच्याबद्दल मला काडीची माया नाही. तरी बाई, तुझ्यापुढं हात जोडते. मला गळ्यात घालायच्या आधी एकदा विस्तवावर धर. ती काच पडू दे, ती लाख गळू दे, आत एखादा खिळा टांग आणि मला जोरात वाजव. तुला त्यातलं काही कळणार नाही. पण सणसरच्या एका म्हाताऱ्याचे कान अजून शाबूत आहेत, एवढंच मला ओरडून सांगायचं आहे.