डॅरिल हुडाक, हयात असो वा मृत

आमच्या काउंटीत गुरुवारचं साप्ताहिक हातात पडलं की माणसं ते मागून उघडतात. पहिल्या पानावर कुस्तीतल्या पोरांचे फोटो असोत नाहीतर पूल वाहून गेल्याची बातमी असो, आधी शेवटचं पान. तिथे बारीक टायपात जाहीर नोटिसा असतात. कुणाच्या जमिनीखालचा गॅस कुणाचा, कुठल्या टेकडीचा वापर टाउनशिप, म्हणजे आमची गावपंचायत, बदलणार, कुणाचे वारस सापडत नाहीत. गॅस कंपन्या आल्यापासून आमच्याकडे खरी बातमी तीच. कोण मेलं तेसुद्धा लोक नंतर बघतात.

वर्ना हुडाक मात्र ते पान वाचायची नाही. शेत विकून गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला आल्यापासून तिला त्यात रस उरला नव्हता. म्हणून त्या गुरुवारी खालच्या मजल्यावरची ओपल धापा टाकत जिना चढून आली आणि दारातूनच ओरडली, "वर्ना, अगं, तुझ्या डॅरिलचं नाव आलंय पेपरात!" तेव्हा वर्नाच्या हातातला कप सिंकमध्ये पडला.

"कुठे सापडला? कुठे आहे?"

ओपलचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो ते बिचारीला तेव्हा कळलं. तिनं पेपर नुसता पुढे केला.

डॅरिल अँड्र्यू हुडाक, हयात असो वा मृत, तसेच त्याचे वारस, माहीत असोत वा नसोत, यांना कळवण्यात येत होतं की, योस्ट यांच्या शेताखालच्या खनिजांवरचा आपला हक्क त्यानं इतकी वर्षं वापरलेला नाही. दोन महिन्यांत कुणी पुढे आलं नाही तर तो त्यानं सोडून दिला असं धरलं जाईल आणि जमिनीच्या मालकाकडे जाईल. त्याच्याच खाली टाउनशिपची नोटीस होती. त्याच शेतामागची टेकडी शेतीतून काढून उद्योगाला द्यायची, कुणाची हरकत असेल तर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सुनावणीला या.

वर्नानं दुसरी नोटीस वाचलीच नाही. पहिल्या नोटिशीतल्या नावावरून ती बोट फिरवत राहिली. किती वर्षांनी ते नाव कुणीतरी पूर्ण लिहिलं होतं!

आमच्याकडे शेत विकणारा माणूस सगळं विकत नाही. वरचं विकतो, खालचं ठेवतो. कोळशाच्या दिवसांपासूनची रीत आहे ती. वर्नाचा नवरा अँडी फुप्फुसं निकामी होऊन गेला, तेव्हा तिनंही शेत शेजारच्या क्लेटन योस्टला दिलं आणि खालचं ठेवलं. वकिलानं विचारलं, कुणाच्या नावावर? सगळ्यांनी सांगितलं, बाई, तुझ्या स्वतःच्या. तिनं ऐकलं नाही. डॅरिलच्या नावावर करा म्हणाली. आईसाठी न येणारा मुलगा जमिनीसाठी तरी येईल, असा तिचा हिशेब. कसला हिशेब आणि कसलं काय! आईनं लावलेलं आमिष होतं ते.

डॅरिल बापाशी भांडून गेला होता. बाप म्हणे खाणीत उतर, पोरगा म्हणे नाही, त्यावरून भांडण. जेवणाच्या टेबलावर अँडी त्याला वाटेल ते बोलला आणि वर्ना बटाटे वाढत राहिली. मुलगा वायोमिंगला तेलाच्या विहिरींवर गेला. एका नाताळात त्याचा फोन आला. "बाबा घरात आहेत?" "आहेत, देऊ का?" म्हणेपर्यंत फोन ठेवलेला. त्यानंतर काही नाही. बापाच्या मातीलासुद्धा आला नाही. कुणी विचारलं की वर्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. "माझा डॅरिल तसा नाही. काहीतरी अडलं असणार, नाहीतर आला नसता का?" हळूहळू लोक विचारायचे थांबले. शेत सुटलं, पण टेलिफोनचा जुना नंबर तिनं हट्टानं गावात आणला, कारण पोराला तोच पाठ होता.

दुसऱ्या दिवशी ती क्लेटनकडे गेली. गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राखाली तो आडवा पडला होता. तिला बघून हात पुसत उठला आणि डॅरिलबरोबर खेळायला यायचा तेव्हापासूनची हाक त्यानं मारली.

"मिस वर्ना."

"माझ्या स्वयंपाकघरात तू आणि डॅरिल मिळून किती वेळा जेवलात रे, क्ले?"

"मोजलं नाही कधी."

"मीही नाही. आणि मला हे पेपरातून कळावं?"

क्लेटननं मान खाली घातली. "तुमच्या दारापर्यंत आलो होतो. दोनदा. परत गेलो. काय तोंड दाखवणार?"

"आहे तेच दाखवायचं होतंस. तसंही ते कधी फार देखणं नव्हतं."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. यंत्राच्या चाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं. कंपनीला टेकडीवर गॅसची विहीर खणायची होती, पण खालचं कुणाचं ते साफ झाल्याशिवाय ती करार करत नव्हती. वकील म्हणाला, आधी डॅरिलच्या शेवटच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवावं लागतं, कायदाच आहे तसा.

"आणि त्याचा शेवटचा पत्ता..." क्लेटन थांबला.

"हे घर."

"हो. पोस्टातली बाई सहीसाठी माझ्याच दारात आली. डॅरिल हुडाक आहेत का, म्हणून मलाच विचारते. तिचं कामच ते. मी सांगितलं, नाहीत. मग आत जाऊन त्याच्या खोलीत बसलो. माझ्या मुलीची खोली आहे आता ती. तिथेच बसून राहिलो बराच वेळ."

वर्नानं घराच्या खिडकीकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही हक्क सांगा ना, मिस वर्ना," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "एक कागद भरायचा. मी आडवा येणार नाही, देवाशपथ. उलट सुटल्यासारखं वाटेल मला."

म्हणून ती कोर्टहाऊसमध्ये गेली. जमिनींच्या नोंदींच्या खिडकीत जोलीन बसते. चर्चच्या गायनातली पोर, वर्नाच्या डोळ्यांदेखत वाढलेली.

"हक्क त्यानं स्वतः सांगायचा असतो, मिसेस हुडाक. नाहीतर त्याच्या वारसानं."

"मी आई आहे त्याची."

"हो ना. बायकामुलं नसतील तर वारस तुम्हीच."

"मग दे कागद."

जोलीननं कागद काढला, पण पुढे केला नाही. "वारस म्हणजे... माणूस गेल्यावर त्याचा वारस होतो ना. तुम्हाला शपथेवर लिहावं लागेल, की तो गेला. इतकी वर्षं काही खबर नाही म्हटल्यावर जजसाहेब खळखळ करणार नाहीत. नंतर एक सुनावणी, पेपरात एक नोटीस, की झालं."

"आणि तो जिवंत आहे असं मी म्हटलं तर?"

"मग त्यालाच यावं लागेल. जिवंत असून आला नाही, तर कायदा समजतो की त्याला ते नको आहे."

"येईल तो," वर्ना म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

आणि का येणार नाही? गॅसचं नाव निघालं की आमच्याकडे कुठून कुठून वारस उगवतात. आजोबांचं नाव धड सांगता येत नाही असे लोक फ्लोरिडातून गाडी हाणत येतात आणि खिडकीसमोर रांग लावतात. कायद्यानं हाक मारली की माणसं येतात, हे वर्नानं पाहिलेलं होतं. आईची हाक त्याला पोचली नसेल, ही पोचेल. तिनं वायोमिंगच्या पेपरला फोन करून तीच नोटीस तिथेही छापायला दिली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, आणखी काही घालायचं आहे का?

"घाल की, वडील आता नाहीत," वर्ना म्हणाली. "म्हणजे त्याला भीती नको वाटायला."

कायद्याच्या नोटिशीत असलं काही बसत नाही, पण त्या पोरीनं शेवटी एक ओळ बसवली. देव तिचं भलं करो.

त्या दिवसांत वर्ना भलतीच खुशीत होती. फ्रीजर अक्रोड भरलेल्या गोड रोलांनी भरला. सोफ्याला नवीन अभ्रे आले. ओपल म्हणाली, "अगं, एवढं कोण खाणार?" "तू नको काळजी करू," वर्ना म्हणाली, "तुला नाही देणार."

टेकडीच्या सुनावणीलाही ती गेली. टेकडीचं तिला काही पडलेलं नव्हतं. पण ज्याचा म्हणून त्या जमिनीशी संबंध, तो त्या संध्याकाळी हॉलमध्ये येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दाराकडे तोंड करून बसली. मागे लोक ट्रकांवरून, विहिरींच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आले होते. "तुझ्या नळाला काडी लाव, गॅसनं पाणी पेटतं का बघ, मग सांग मला प्रगती!" असं कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. तेवढ्यात दार उघडून एक उंच माणूस आत आला. खांदे थेट अँडीचे, कानावर केस पिकलेले. वर्ना उभीच राहिली. तो माणूस सरळ पुढे गेला, नकाशा भिंतीला लावला आणि टेक्सासच्या बोलीत कंपनीची बाजू मांडायला लागला. वर्ना उभीच. अध्यक्षांना वाटलं, बाईंना हरकत घ्यायची आहे.

"मिसेस हुडाक, काही बोलायचंय?"

"नाही," ती म्हणाली आणि बसली. टेकडी उद्योगात गेली.

मुदत सरत आली तसं गाव बदललं. आधी कुणीच बोलत नव्हतं, आता सगळे हळू आवाजात बोलू लागले. नोटीस इथे आली, तिकडे आली, एवढा गॅस निघणार, तरी तो आला नाही. म्हणजे नाहीच तो. जिवंत असता तर आला असता! एका दुपारी ओपल ओव्हनमधून नुकतंच काढलेलं चिकन-नूडलचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. आमच्याकडे असं झाकलेलं भांडं कुठल्या घरी नेतात ते सगळ्यांना माहीत आहे.

"हे काय?" वर्नानं विचारलं.

"काही नाही गं, तुला जेवायला..."

"इथे कुणी मेलेलं नाही. ने ते परत." आणि तिनं ओपलच्या तोंडावर दार लावलं. त्या दोघी मग बरेच दिवस बोलल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी क्लेटन स्वतः गाडी घेऊन आला. तो बाहेर गाडीतच थांबला. जोलीननं या वेळी कागद पुढे केला, पेन दिलं, बसायला खुर्ची आणून दिली. वर्नानं नाव लिहिलं, नातं लिहिलं. मग खालचा रकाना आला. मृत्यूची तारीख, माहीत असल्यास.

"तो रिकामा ठेवला तरी चालतो," जोलीन म्हणाली. "आणि मिसेस हुडाक, तुम्ही लिहिलं म्हणून तो काही खरंच जात नाही. कागद आहे नुसता."

"तुझ्या पोराबद्दल लिहिशील?"

जोलीननं खिडकीबाहेर बघितलं.

वर्ना पेन धरून बसून राहिली. सही केली तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. सही केली तर डॅरिल तिचाच राहणार होता. तो का आला नाही याचं उत्तर मिळणार होतं, आणि तेही चांगलं उत्तर. बापाच्या मातीला आला नाही, कारण मेला होता. फोन केला नाही, कारण मेला होता. आईवर त्याचा राग नव्हता, बिचारा अडला होता, ती म्हणत होती तसाच. लोक चर्चमध्ये येतील, तिचा हात धरतील, किती गुणी मुलगा होता म्हणतील. आणि सही नाही केली, तर तो कुठेतरी आहे. जेवतो आहे, हसतो आहे, कदाचित त्याला पोरंबाळं आहेत. त्यानं ती नोटीस वाचली, बाप नाही तेही वाचलं, आणि पेपर घडी करून ठेवून दिला.

असला पर्याय देवानं कुठल्या आईपुढे ठेवू नये.

तिनं कागद परत सरकवला.

"तो जिवंत आहे," ती म्हणाली. "त्याला यायचं नाही. नको आहे त्याला. तसंच होऊ दे."

"नक्की, मिसेस हुडाक? पाच वाजले की मग मला काही करता येणार नाही."

"नक्की."

ती बाहेर येऊन गाडीत बसली. क्लेटननं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. "निम्मं तुमचं," तो घाईघाईनं म्हणाला. "मी लिहून देतो. आत्ताच आत जाऊन लिहून देतो."

"गप्प बैस, क्ले. माझं नव्हतंच ते."

त्यानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली तशी वर्नानं समोरच्या डॅशबोर्डवर हात टेकला आणि तिला रडू फुटलं. अँडीच्या वेळी ती अशी रडली नव्हती. त्या रडण्यातच ती बोलत होती, क्लेटनला धड ऐकूही येईना, म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

"इतकी वर्षं देवाकडे मी त्याचा जीव मागत आले," ती म्हणत होती. "रोज. दुसरं काही मागितलं नाही. आणि आज तिथे बसले होते ना, तेव्हा मनात आलं, मेलाच असता तर बरं झालं असतं. माझा तरी राहिला असता. आई ना रे मी त्याची? आणि मला असं वाटलं, क्ले. मला असं वाटलं."

क्लेटननं आपला ग्रीसनं माखलेला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दोघं कोर्टहाऊससमोर तसेच बसून राहिले.