डाव्या हाताची भिंत

“हात धरा एकमेकांचा. डावी भिंत सोडायची न्हाई. आणि मागं राहायचं न्हाई कुणी,” बाबांनी दारातच बजावलं.

“आजोबा, इट्स जस्ट अ म्युझियम,” रेवा म्हणाली. वय वर्षं सहा. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीतून, तेही आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या शाळेतल्या सुरात.

“म्युझियम असू दे नाहीतर किल्ला. गाइडचं ऐकायचं असतं.”

रेवाच्या आईला, शुभदाला हसू आलं. डब्लिनमधल्या त्या संग्रहालयाचं वरचं दालन खरोखरच काळोखं होतं. जुन्या हस्तलिखितांना उजेड सोसत नाही, म्हणून काचपेट्यांत दिवा लावल्यासारखा जरासा पिवळा प्रकाश आणि बाकी सगळी सावली. बाबांनी टोपी काढून खिशात घातली, जावयाचं मोठं जाकीट सारखं केलं आणि पहिल्या पेटीच्या कडेला डाव्या हाताची बोटं टेकवली. गाइडची ऐट अजून गेली नव्हती.

बाबांचं आयुष्य दौलताबादच्या किल्ल्यावर पर्यटकांना वाट दाखवण्यात गेलं. तिथे डोंगराच्या पोटात वळणावळणाची एक काळोखी वाट आहे; तिला अंधारी म्हणतात. शत्रू आत शिरला की त्याला पुढचं मागचं कळत नसे, त्याचीच माणसं एकमेकांवर तलवारी चालवत, असं सांगतात. मध्यावर पोचलं की बाबा हातातला पलिता विझवायचे. बायका किंचाळायच्या, पोरं आईला बिलगायची. मग बाबांचा शांत आवाज यायचा, “चलो, हाथ पकडो. डावी भिंत.” पलीकडे उजेडात पोचल्यावर ते बाजूला उभे राहून सगळ्यांना पुढे काढून द्यायचे, आणि शेवटी काळोखात तोंड घालून विचारायचे, “मागं कुणी राहिलं का?” उत्तर आलं नाही की मगच स्वतः बाहेर. शुभदा लहानपणी शाळा सुटली की तिथे वाट बघत बसायची. हा प्रश्न ऐकला की दप्तर उचलायचं, कारण आता बाबा येणार.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले. डोळ्यांचं दुखणं आधीपासूनचं, त्यात मागच्या वर्षी ते अंगणात पडले. शुभदाने त्यांना इकडे कायमचं आणायची खटपट केली, पण व्हिसा मिळाला तो तीन महिन्यांचाच. मग संभाजीनगरच्या एका वृद्धाश्रमात तिने त्यांच्यासाठी खोली धरून ठेवली. बाबा ऐकेनात. शेवटी बापलेकीत करार झाला: इथे तीन महिने कुणाच्या मदतीशिवाय नीट वावरले, तर खुशाल आपल्या घरी जायचं. नाहीतर आश्रमात.

आणि बाबा वावरले. चहा स्वतःचा स्वतः करत. कुठल्या कपाटात कप आणि कुठल्यात साखर, हे शुभदाच्या नवऱ्यापेक्षा, अभिजितपेक्षा त्यांना पक्कं. एक बशीसुद्धा फुटली नाही. रस्त्यावर रेवाचा हात घट्ट धरून चालायचे, “पोर कुठं धावंल सांगता येत न्हाई” म्हणत. उद्या त्यांचं विमान होतं. काल जेवताना शुभदा म्हणाली होती, “जिंकलात बाबा. उद्या आश्रमाला फोन करून खोली सोडते.” बाबांनी दुसरी पोळी मागून घेतली.

आजचा हट्ट त्यांचाच. दोन महिन्यांपूर्वी अभिजित त्यांना एकट्याला इथे घेऊन आला होता. आता जाण्याआधी लेकीला आणि नातीला त्यांना हे दालन ‘दाखवायचं’ होतं.

“ही पितळी चकती बघ,” ते पहिल्या पेटीपाशी म्हणाले. “ताऱ्यांवरून वेळ काढायची. अरबांनी ग्रीकांकडून घेतली, आपल्या जोशांनी अरबांकडून. चांगली वस्तू एका घरी बसून राहत न्हाई, बेटा.”

रेवाने काचेला नाक लावलं. “कूल.”

बोटं काचेच्या कडेवरून सरकवत बाबा पुढे निघाले. “आता सुलतानाची गोष्ट. आमचा किल्ला मूळचा यादवांचा, देवगिरी. दिल्लीच्या फौजा आल्या, किल्ला गेला. मग तुघलक म्हणला, आता राजधानी इथंच. दिल्लीची माणसं उठवली आणि चालवत आणली आमच्याकडं.”

“ऑल ऑफ देम?”

“बरीच.”

“दे ब्रॉट देअर आजोबाज?”

बाबा थांबले. शुभदाने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

“आणले की,” बाबा म्हणाले. “म्हातारी माणसं वाटेत दमली. काही पोचली. मग सुलतानाचं मन फिरलं, म्हणला, चला परत. कुणी गेले, कुणी तिथंच राहिले. राहिले ते आमचे झाले. त्यांची कबर आमच्या शेताला लागून, आणि आमची भाकर त्यांच्या ताटात. माझ्या आज्याला मोट दुरुस्त करायला शिकवली ती त्यांच्यातल्याच एकानं.”

तिसऱ्या पेटीपाशी त्यांचा आवाज चढला. किल्ल्यावर अंधारीच्या तोंडाशी चढायचा तसाच.

“आणि हे सगळ्यात भारी. इराणकडच्या चिताऱ्यानं काढलंय. किल्ल्याला वेढा पडलाय. हा बघ पांढऱ्या घोड्यावरचा सरदार. मागं निळा डोंगर. आणि बुरजावर ती एकटी बाई, हिरव्या लुगड्यातली. लढाईत बाई काऊन काढली असंल, सांग बरं?”

रेवा पेटीकडे बघत राहिली. मग आईकडे.

“आजोबा, देअर्स नो हॉर्स.”

“नीट बघ. डाव्या अंगाला.”

“इट्स ओन्ली रायटिंग. गोल्ड रायटिंग.”

शुभदा जवळ गेली. पेटीत कुराणाचं एक पान होतं. मोठी काळी अक्षरं आणि मध्ये सोन्याचे ठिपके. घोडा नाही, डोंगर नाही, बाई नाही. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, उजेडाने रंग उडू नयेत म्हणून इथली पानं अधूनमधून बदलली जातात.

बाबांचं बोट काचेवर होतं तिथेच राहिलं. बरोबर त्या नसलेल्या घोड्यावर.

अभिजित त्या दिवशी घरी येऊन म्हणाला होता, “तुझ्या बाबांची चौकसबुद्धी बघ. एकेका पेटीचं मला दोनदोनदा वर्णन करायला लावलं.” रस्त्यावर रेवाचा हात कोणी कोणासाठी धरला होता, तेही तिला आत्ता कळलं.

“रेवा, तिकडे बाकावर बस जरा.” पोर गेली. “कधीपासून, बाबा?”

“उजवा डोळा इकडं यायच्या आधीच गेला. डाव्यात उजेड कळतो जरासा.”

“आणि मला सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर तू खोलीत टाकलं असतंस.” त्यात राग नव्हता. “तिथं मला डोळे लागत न्हाईत, शुभू. विहीर कुठं, चूल कुठं, किल्ल्याची पायरी किती उंच, पायाला ठाऊक हाय. म्हणलं, इथलंबी पाठ करू. झालंच होतं की. ह्या लोकांनी पान बदललं.”

तिला ओरडायचं होतं, की विहिरीत गेला असतात म्हणजे? चूल पेटवताना धोतर पेटलं असतं म्हणजे? तोंडातून एवढंच आलं, “मी काय करू, बाबा?”

बाबांनी काचेवरचं बोट काढलं आणि तिथला डाग जाकिटाच्या बाहीने पुसला.

“तो फोन करू नकोस,” ते म्हणाले. “राहू दे खोली.”

तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, पण त्याआधी बाकावरून उठून रेवा आली होती. तिला काय आणि किती कळलं कोण जाणे. तिने आजोबांचा डावा हात उचलला आणि भिंतीवर टेकवला.

“डावी बिंत, आजोबा,” ती म्हणाली. “सोडायची नाय.”

“नाय सोडत,” बाबा म्हणाले.

ती पुढे, ते मागे, शेवटी शुभदा, असे ते दाराशी आले. बाहेरच्या जिन्यावर छतातून दुपारचा पांढरा उजेड उतरत होता. तो तोंडावर आला तसे बाबा थांबले आणि बाजूला सरले. रेवाला पुढे काढून दिलं. शुभदाच्या पाठीला हात लावून तिलाही पुढे काढलं. मग वळून त्या रिकाम्या दालनात वाकले.

“मागं कुणी राहिलं का?”

खुर्चीवरच्या पहारेकऱ्याने मान वर केली. बाबा नेहमीइतकं थांबले. मग बाहेर पडले आणि सवयीने डावा हात भिंतीसाठी लांब केला. तिथे भिंत नव्हती, नुसती मोकळी जागा. हात हवेत तसाच राहिला.

शुभदा दोन पायऱ्या परत चढून आली आणि आपला खांदा तिने त्या हाताखाली नेऊन धरला.