काजळवनाच्या दाराची हाक

"चेटकीण कसली, लासलगावच्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारणारी बाई वाटते!" कॅसेट थांबवत रोहित म्हणाला आणि अख्खी खोली खदखदली.

"अरे दादा, चेटकिनीला आता काय पुन्याहून आनू?" चहाची किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या लंकाबाई म्हणाल्या. त्यावर आणखी हशा झाला.

कॅसेटवरचा आवाज लंकाबाईंचाच, तो लपवायचा प्रश्नच नव्हता. आंधळ्या माणसांपासून आवाज लपतो असं फक्त डोळसांनाच वाटतं. कळलं नव्हतं ते फक्त वाचनालयाच्या समितीला.

नाशिकच्या त्या अंध वाचनालयात पुस्तकं कॅसेटवर वाचून ठेवली जायची. 'काजळवन' ही जाडजूड जादूची कादंबरी आठव्या कॅसेटपर्यंत आली आणि वाचणाऱ्या ताई मुलीकडे पुण्याला निघून गेल्या. नायिका वेणा कमरेपर्यंत दलदलीत रुतलेली, ती तशीच दोन महिने रुतून राहिली. समितीत एकालाही त्याचं काही वाटलं नाही. आंधळ्यांना काय, भजनं लावा, असा सगळा खाक्या. हार घालून फोटो काढायला मात्र सगळे हजर.

लंकाबाई झाडलोट करायच्या, चहा द्यायच्या. माहेर सटाण्याजवळचं, शिक्षण सातवी. अकरा वर्षं त्या रेकॉर्डिंगच्या मशीनवरची धूळ पुसत होत्या, कुठलं बटण कशाचं ते त्यांना पाठ होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लावलं, लाल बटण दाबलं आणि वेणाला दलदलीतून ओढून काढलं. नववी ते चौदावी, सहा कॅसेटी झाल्या.

त्या कॅसेटींवरच ऐकणाऱ्यांच्या शनिवारच्या बैठकीत भांडण पेटलं होतं.

"वेणा मूर्ख आहे," बँकेत टेलिफोन ऑपरेटर असलेली योगिनी म्हणाली. "दारावरच्या पहारेकऱ्यावर विश्वास कशाला ठेवायचा?"

"तो वाईट नाय," पुंजा म्हणाला. वेताच्या खुर्च्या विणणारा पुंजा पेठकडचा. "त्याला जन्मात कुनी नावानं बोलावलंच नाय. मंग मानूस चिडतोच."

"आणि दाराची जादू?" योगिनीने विचारलं.

"ती लय खरी हाय!"

काजळवनाच्या दाराला मंत्र चालत नाहीत. आपल्या आईच्या भाषेत हाक मारली तरच ते उघडतं. पुस्तकात एवढंच छापलं होतं: वेणाने आईच्या भाषेत दाराला हाक मारली. हाक काय, ते नव्हतं. वाचताना लंकाबाई तिथे थांबल्या होत्या. टेप फिरत होती. आणि तोंडातून आपसूक निघालं, "दार उघाड माय, मी तुनी आंडेर शे." अहिराणीत, मी तुझी लेक आहे. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. नाशकात 'शे' म्हणायला त्यांना कुणी उरलं नव्हतं.

"ही कॅसेट मीही ऐकली," दारातून आवाज आला. समितीच्या सचिव मोहिनी मॅडम.

"लंकाबाई, विचारायचंत तरी. 'ण'चा 'न' होतो ते सोडा. पुस्तकात नसलेलं वाक्य तुम्ही घातलंत! उद्या अभ्यासाच्या पुस्तकात कुणी असंच घातलं, तर परीक्षेला बसलेल्या मुलानं काय करायचं? या सहाही कॅसेटी मी पुसून नव्यानं वाचणार."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. लंकाबाईंनी किटली खाली ठेवली.

मॅडमनी कॅसेट मशीनमध्ये घातली. लाल बटण दाबलं. ते दबेचना.

"कॅसेटचे कान कुणी तोडले?" वरच्या कडेचे ते दोन बारके तुकडे मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही.

"मी," पुंजा म्हणाला. "वेताच्या सुरीनं. साहीच्या साही. घ्या आता पुसून!"

लंकाबाई कपाटाकडे गेल्या आणि खणातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

"भोकांवर ही चिकटपट्टी लावा मॅडम. बटन दबतं."

"याड लागलं का, लंकाबाई!" पुंजा ओरडला.

"पुस्तक लिव्हनाऱ्याचं हाय पुंजा. मी भर घातली, चूक झाली." मग त्या मॅडमकडे वळल्या. "पन येक विचारते. हाक मारली, असं छापलंय. मंग ती ऐकू नको का यायला? तुमी डोळ्यानं वाचता, मनात कायतरी हाक मारून घेता. ही मानसं कानानं वाचत्यात. हितं नुसतं हाक मारली म्हटलं, तर दार कशानं उघडलं?"

मॅडमनी टेबलावरचं पुस्तक पुढे ओढलं.

"मॅडम," रोहित म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मी चेष्टा केली ती चेटकिणीची. दाराची नाही. तो तुकडा मी मागे घेऊन घेऊन चारदा ऐकला. माझी आई मालेगावची. मावशीशी फोनवर असंच बोलते. मित्र आले की मी मधलं दार लावून घ्यायचो."

मोहिनी मॅडमनी पुस्तक उघडलं. ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग दातांनी चिकटपट्टीचा तुकडा तोडून कॅसेटच्या भोकावर लावला.

"नियम तो नियम," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं कुठलं आणि वाचणाऱ्याचं कुठलं, हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे. सुरुवातीला कोरी जागा आहे, तिथे तुम्हीच सांगा. 'दाराची हाक पुस्तकात नाही, ती माझी आहे,' असं. आणि पूर्ण नाव सांगा. उगाच बाई-बिई नको. बाकी राहू दे तसंच. पण 'ण' सुधारा."

"सुधारते मॅडम. फुडच्या पुस्तकापासनं."

लाल बटण दबलं. आपलं नाव सांगताना लंकाबाई दोनदा अडखळल्या. चेटकीण कधी अडखळली नव्हती.

पुढच्या शनिवारी योगिनीने ब्रेलची पट्टी करून आणली आणि चौदाव्या कॅसेटच्या डबीवर चिकटवली. "वाचन, आणि पुढे तुमचं नाव," ती म्हणाली.

लंकाबाईंनी डबी उजेडात धरली. पांढरे उंचवटे, बाकी काही नाही. सहा कॅसेटी काजळवन वाचून काढलेल्या बाईला आपलं नाव वाचता येईना.

"कुठून सुरू व्हतं गं?"

योगिनीने त्यांचं बोट धरलं आणि 'लं'वर ठेवलं.